अक्कांच्या घराचं शेवटचं मूल्यांकन

अक्का,

तुमच्या घराची किंमत करायला या वेळी एक मुलगी आली होती. दार मी उघडलं. आजवर बँकेचा माणूस आला की दार तुम्ही उघडत होतात आणि मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत असे. तिच्या खांद्याला पिशवी होती, हातात ते लाल ठिपक्याचं मोजायचं यंत्र. टेप नव्हता. तुम्हांला आधी तिची दया आली असती आणि मग तुम्ही ते यंत्र मागून घेऊन खिडकीचं माप काढून पाहिलं असतं.

हे मी तुम्हांला लिहिते आहे, पण वाचणार आहेत ईरा आणि निहार. तुम्ही गेल्याचं माझ्या या नातवंडांना परदेशात फोनवर कळलं. रडून झाल्यावर ईरानं मला विचारलं, "आजी, म्हणजे आता अक्काआजीचं घर बँक घेणार?" विचारलं प्रेमानंच, पण तिच्या आवाजात कीव होती. तुमच्याबद्दल कुणी कीव करावी हे मला सोसेना. म्हणून सगळं क्रमानं लिहायला बसले. तुम्ही याला 'शैलाचं टाइमटेबल' म्हणाला असतात. म्हणा.

तुम्ही मुलांच्या आजोबांची थोरली बहीण होतात, पण आमच्या घरी कधी 'राहायला' का आला नाहीत हे त्यांना ठाऊक नाही. ऐन तरुणपणी कुंकू गेलं, सासरहून वालूरला माहेरी परत आलात, आणि तिथल्या वडिलांच्या दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसून दिवस काढायचे नाकारून शिलाई मशीन घेऊन परभणीला आलात. शिवणक्लास काढलात. जिंतूर रस्त्याला प्लॉट घेतलात तेव्हा तिकडे नुसत्या बाभळी होत्या. आधी पत्र्याच्या दोन खोल्या, मग स्लॅब, मग जिना. मी लग्न होऊन आले तेव्हा जिना नुकताच झाला होता आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक मुलगी बसून काज करत होती. मी इंग्रजीची एम. ए., नव्या नोकरीचा तोरा असलेली. तुम्ही माझ्या ब्लाउजकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बाह्या कुणी शिवल्या गं? पगार दिला का त्याला?" आपली ओळख ही अशी झाली.

तयार कपड्यांची दुकानं वाढली, क्लासात मुली येईनाशा झाल्या. तुमच्या भावानं दर महिन्याला पैसे पाठवायचं ठरवलं. पहिलं पाकीट तुम्ही परत आणून दिलंत आणि आमच्या ओट्यावर उभं राहून म्हणालात, "भाऊबीजेची ओवाळणी घेईन, आण्णा. महिन्याचा रतीब नको." त्यानंतर तुम्ही कुठून तरी ऐकून आलात की म्हाताऱ्या माणसांसाठी बँकेत उलटं कर्ज मिळतं.

मुलांसाठी समजावून सांगते. नेहमीच्या कर्जात आपण बँकेला हप्ते देतो. यात बँकच आपल्याला ठरावीक वर्षं दर महिन्याला पैसे देते, आपल्याच घराच्या तारणावर. आपण हयात असेपर्यंत घरात राहायचं, कुणी उठवू शकत नाही. आपल्यामागे घर विकून किंवा वारसांनी भरून कर्ज व्याजासकट फेडायचं. योजना सरकारच्या आधाराची, नियमही सरकारनं घालून दिलेले. म्हणून सुरुवातीला, मधूनमधून आणि शेवटी अधिकृत मूल्यांकनकार येऊन घराची किंमत ठरवतो. सगळं त्या किमतीवर चालतं.

बँकेचे कागद इंग्रजीत होते. ते मी तुम्हांला वाचून दाखवले आणि प्रत्येक कलमाला तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "म्हंजे काय द्यायचं आन् कवा?" घर स्वतःच्या कमाईचं आणि स्वतःच्या नावावर असावं अशी अट होती. ते कलम मी वाचलं तेव्हा तुम्ही उठलात. मग खरेदीखत काढून माझ्यापुढे ठेवलंत. त्यावर एकच नाव होतं. बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, भावाचं नाही. मी आयुष्यभर पगार आणला, पण माझं नाव एखाद्या घरावर एकटं कधी लागलं नाही. हे त्या दिवशी मनात आलं होतं, तुम्हांला बोलून दाखवलं नाही. आज दाखवते.

आण्णा मात्र रागावले होते. "भाऊ असताना बहिणीनं घर बँकेत ठेवलं, लोक काय म्हणतील?" तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. म्हणालात, "लोकांनी आजवर माजी एक बॉबीन तरी भरून दिली का?"

पहिला मूल्यांकनकार आला त्या सकाळी मी लवकर येऊन घर आवरलं. जिन्याखालच्या भिंतीला ओल होती. तिथे मी कपाट सरकवायला लागले.

"कपाट कशाला सरकवायलीस?"

"भिंत वाईट दिसते, अक्का."

"वाईट हाय तर वाईट दिसणारच की."

तुम्ही कपाट परत जागेवर नेलंत. साहेब आले, मध्यमवयीन, घामाघूम, हातात टेप. त्यांनी खोल्या मोजल्या तेव्हा टेपचं दुसरं टोक तुम्हीच धरलंत आणि "ढिला धरू नका साहेब, झोळ पडायलाय" असं त्यांना बजावलंत. सगळं झाल्यावर ते निघाले, तर तुम्ही त्यांना जिन्याखाली नेलंत.

"हितं हात लावून बघा. पावसाळ्यात लय ओल येती. लिवा."

"आज्जी, एवढं कुणी सांगत नसतंय."

"मी सांगायलेय. लिवा."

त्यांनी लिहिलं. किंमत कमी धरली गेली आणि तुमची महिन्याची रक्कमही. मी चिडले होते. "त्यांनी विचारलं होतं का?" "न्हाई." "मग न विचारता कशाला सांगायचं? तपासायचं काम त्यांचं आहे."

तुम्ही तेव्हा मला क्लासातला नियम सांगितलात. गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग असला तर कात्री लावायच्या आधी दाखवायचा. आधी दाखवला तर तो कापडाचा डाग. शिवून झाल्यावर दिसला तर तो शिंपिणीचा. क्लासात नवी मुलगी आली की तिला कात्री धरायला शिकवायच्या आधी तुम्ही कापड उजेडात धरायला शिकवत होतात. बाहेरगावच्या बायका तुमच्याकडे ठेवणीतली रेशमी कापडं निर्धास्तपणे का टाकून जात, ते मला त्या दिवशी कळलं. तरी मी म्हणाले की घर म्हणजे कापड नव्हे. तुम्ही म्हणालात, "मोजायला टेप तर तोच लागतो की." हा वाद आपण पुढे कितीदा घातला. ओट्यावर, दवाखान्याच्या रांगेत, येलदरीचं धरण बघायला गेलो तेव्हा त्या भिंतीवर बसूनसुद्धा. माझं मत अजून तेच आहे. विचारलं तर खरं सांगावं, न विचारता आपल्या भिंतीची चुगली करू नये. तुम्ही गेलात म्हणून मी हरले असं समजू नका.

महिन्याचे पैसे सुरू झाले आणि पहिल्या पैशांतून तुम्ही काय केलंत, तर त्या भिंतीचा गिलावा खरवडून काढला. माझ्या गुडघ्यांना डॉक्टर होता, तुमच्या गुडघ्यांना नव्हता. मी म्हटलं, आधी औषध. तुम्ही म्हणालात, "घराला आधी. ते मला पोसायलंय. त्याला आजारी ठेवून मी कशी बरी होऊ?" नळ बदलले, गच्चीला उतार काढून घेतला. पुढच्या खेपेला साहेब आले तेव्हा तुम्ही त्यांचा हात धरून पुन्हा जिन्याखाली नेलंत. "आता लावा हात." ते हसले. त्या वर्षी रक्कम वाढली. तुम्ही आम्हांला सगळ्यांना शेवयाची खीर खायला बोलावलंत आणि आण्णांना वाढताना म्हणालात, "खा. बँकेचं न्हाई, माज्या भिंतीचं हाय." आण्णा त्या दिवशी पहिल्यांदा त्या कर्जावर हसले. ते गेले तेव्हा निदान ती एक अढी त्यांच्या मनात नव्हती.

मग कर्जाची ठरलेली मुदत संपली आणि महिन्याची रक्कम थांबली. घरात राहायचा हक्क होता, पण हातात काही येणार नव्हतं आणि व्याज मात्र चढत राहणार होतं. तुम्ही पुन्हा साड्यांना फॉल लावायला बसलात, ऐंशी ओलांडल्यावर. माझ्याकडे जेवायला येताना कधी शेंगदाणे, कधी मेथीची जुडी. रिकाम्या हातानं माझ्या दारात तुम्ही उभ्या राहिला नाहीत.

त्या उन्हाळ्यात ओट्यावर बसून तुम्ही मला हिशेब करायला लावलात. मी केला आणि दुसऱ्यांदा तपासला. कर्ज घराच्या किमतीच्या अगदी जवळ आलं होतं.

"वर गेलं तर?" तुम्ही विचारलंत.

"गेलं तर गेलं, अक्का. घराच्या किमतीपेक्षा जास्त बँक कुणाकडेही मागू शकत नाही. तसा नियमच आहे. उरलेलं माफ."

तुम्ही दातानं दोरा तोडलात. "माफ?"

"हो. माफ."

"मी काय गुन्हा केलाय?"

"तसं नाही. ती कायद्याची भाषा आहे."

"आसंल. पण माज्या नावापुढं तो शब्द नको. ह्या घरानं मला पोसलंय, ह्या घरानंच फेडावं. बँकेनं न्हाई, सरकारनं न्हाई, तुमी तर मुळीच न्हाई."

त्यानंतर तुम्हांला दुसरी कसलीच काळजी राहिली नाही, पण ही एक राहिली. प्लॉटचा भाव काय चाललाय हे तुम्ही भाजीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना विचारत होतात. शेजारच्या गल्लीतलं घर विकलं गेलं तेव्हा तुम्ही काठी टेकत जाऊन त्याची रुंदी पावलांनी मोजून आलात. गेल्या वर्षी गच्चीवर भेग पडली. तुम्हांला चढवत नव्हतं, म्हणून मला पाठवलंत. मी खाली येऊन म्हटलं, बारीक आहे. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि म्हणालात, "बारीक न्हाई." गवंडी बोलवायचं ठरलं. त्याच्या आधी तुम्ही गेलात.

वालूरच्या शेतात, आपल्यांतल्या रीतीप्रमाणे बसवून, तुम्हांला समाधी दिली. बसवलेल्या तुम्ही नेहमीसारख्याच दिसत होतात, मशीनपुढे दिसायच्या तशा, मान किंचित खाली.

तुमच्या मृत्युपत्राप्रमाणे वारस आम्ही, म्हणून बँकेनं आम्हांला घर विकून कर्ज फेडायला मुदत दिली आणि कळवलं की आधी मूल्यांकन होईल. त्याच्या आदल्या दिवशी श्रीकांतचा फोन आला. माझा मुलगा तुमच्यावर जीव टाकायचा, हे तुम्हांला सांगायला नको. तो म्हणाला, "आई, तू मध्ये काही बोलू नकोस. ते इंजिनियर असतात, त्यांना दिसेल ते दिसेल."

हे माझंच मत होतं. वर्षानुवर्षं मी तुमच्यापुढे हेच बोलत आले होते. आणि आता मी गप्प बसण्यात तुमचंच भलं होतं. भेग लपली तर किंमत कर्जाच्या वर राहण्याची आशा होती. दाखवली तर तुमच्या नावापुढे तो नको असलेला शब्द लागण्याची भीती. तुमची रीत पाळायची की तुमची इच्छा? अक्का, हे कोडं तुम्ही माझ्या गळ्यात घालून गेलात आणि विचारायला तुम्ही नाहीत.

त्या मुलीला मी खोल्या दाखवल्या. ती जिंतूरची, सिव्हिल झालेली, कामाला चोख. लाल ठिपका भिंतीवर टाकायची, आकडा लिहायची, पुढे जायची. जिन्याखाली तिनं भिंतीवर बोटं वाजवली आणि काही न लिहिता पुढे गेली. मला वाटलं, चला, एक डाग तरी गेला. गच्चीवर ती गेली आणि लगेच उतरली. पश्चिमेच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीमागे ती गेलीच नव्हती.

ती चपला घालायला लागली. मी म्हटलं, "टाकीमागे बघितलंत का?"

"काय आहे तिथं?"

"भेग आहे."

माझ्या तोंडून ते निघालं तेव्हा मला तुमचा राग आला, हे खरं लिहिते. इतकी वर्षं वाद घालून शेवटी तुमच्याच घरात तुमचंच वाक्य मी बोलले. पण त्या घरात दुसरं काही बोलता येत नाही. तिथल्या भिंतींना सवय नाही.

ती पुन्हा वर गेली. मी गुडघे सांभाळत मागोमाग. तिनं वाकून भेगेत किल्ली घातली, खरवडलं, फोटो काढले, मग खालच्या खोलीत येऊन त्याच जागी छत निरखलं. "वरच्या थराची आहे, आज्जी. स्लॅबपर्यंत गेलेली नाही. पण लिहावं लागेल मला."

"लिहा," मी म्हटलं.

अहवाल यायच्या आधीच पूर्णेला रेल्वेत असलेले एक गृहस्थ घर बघून गेले. घर त्यांना आवडलं, पण बोलीत ते पक्के. म्हणाले, "बाई, अडून कशाला बसायलाव? कर्जाच्या खाली सौदा झाला तर वरचं बँक सोडती. तुमच्या खिशातून काय जायलंय?"

"माझ्या खिशातून काही नाही," मी म्हटलं. "पण घर माझं नाही."

"मग कुणाचं हाय?"

"खरेदीखत वाचा. एकच नाव आहे."

ते उठून गेले. जाताना फाटक उघडंच टाकलं. मी ते लावून तुमच्या ओट्यावर येऊन बसले. वर्गात चाळीस वर्षं उभी राहिले, पण कुणाची बाजू इतक्या ताठ मानेनं मांडल्याचं मला आठवत नाही.

अहवाल आला. भेग लिहिली होती आणि तिच्यासाठी किंमत कमी केली होती. त्याखाली हेही लिहिलं होतं की बांधकामाची निगा वयाच्या मानानं चांगली, ओलीचा कुठेही मागमूस नाही, मालकी निर्वेध. मी चष्मा पुसून शेवटचा आकडा वाचला, मग बँकेचा आकडा वाचला, मग पुन्हा पहिला. घर वर होतं. फार नाही. तुम्ही ब्लाउजच्या शिवणीत आत ठेवत होतात ना, पुढे सैल करायला म्हणून, तेवढंसं कापड. पण वर होतं.

मी ईराला फोन केला. तिला सगळं सांगितलं. तिनं तिकडे घर घेतलं तेव्हा तिथल्या सरकारनं किमतीचा काही हिस्सा घातला होता. फेडताना त्या दिवशीच्या किमतीवर तेवढाच हिस्सा परत द्यायचा, म्हणून तिलाही अधिकृत मूल्यांकन करून घ्यावं लागलं. किंमत जितकी जास्त, तितकी फेड जास्त.

"आजी, माझ्याकडे तो माणूस आला तेव्हा गळका नळ मी स्वतः दाखवला. बाल्कनीचं मोडकं दारसुद्धा."

"का गं?"

"किंमत कमी यावी म्हणून." मग ती हळूच म्हणाली, "आणि अक्काआजी कमी येईल हे माहीत असून दाखवायची?"

"दर वेळी."

"वेडीच होती," ती म्हणाली. पण अक्का, या वेळी तिच्या आवाजात कीव नव्हती. मी वीस वर्षं जे तुम्हांला म्हणत होते तेच ती म्हणाली, आणि मीही ते याच आवाजात म्हणत होते. तुम्हांला ते ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. मला तुमचा अभिमान होता. तो मी भांडणाच्या आवाजातच बोलत राहिले, दुसरा आवाज मला सापडलाच नाही.

रेल्वेवाले गृहस्थ पुन्हा आले. अहवालातल्या किमतीला तयार झाले, फक्त गच्ची मी दुरुस्त करून द्यावी म्हणाले. मी नाही म्हटलं. "भेग आधी दाखवलेली आहे, आता ती तुमची." ते हसले, म्हणाले, "बाई, तुमी मास्तरीण हाव का वकील?" खरेदी झाली. रक्कम थेट बँकेत गेली.

मग मी बँकेत गेले. काउंटरमागे एक तरुण साहेब होता. त्यानं कर्ज फिटल्याचा दाखला दिला, खरेदीखत मोकळं केलं, उरलेली रक्कम वारसांच्या खात्यात टाकली. "झालं मावशी. सही करा."

मी सही केली आणि विचारलं, "माफी किती झाली?"

"कसली माफी?"

"या कर्जात. माफी, सूट, काही."

त्यानं पडद्यावर बघितलं. खाली सरकवलं, वर सरकवलं. "काही न्हाई. पूर्ण वसूल. उलट शिल्लकच ऱ्हायली की."

"असं लिहून द्या."

"दाखला दिलाय ना, मावशी."

"त्यात कर्ज फिटलं एवढंच आहे. माफी झाली नाही, असं कुठे आहे?"

मागे रांग होती. तो वैतागला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, "माफी झाली तर लिहायला कागद हाय आमच्याकडं. न झाल्याचा कागद नसतोय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी दाखला घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. तो कागद बँकेत नसतो, म्हणून मी हा लिहिला. ईरा, निहार, नीट वाचा. तुमच्या अक्काआजीनं जे घेतलं ते तिच्या घरानं फेडलं, आणि तिला कुणी काहीही माफ केलेलं नाही.

तुमची,
शैला